आधी सभागृह, मग हद्दवाढ!

पंचवटीकर बंधू-भगिनींनो,

7 नोव्हेंबर 1982 रोजी नाशिक महापालिका जन्माला आली. 1864 पासूनची नाशिक नगरपालिका मोडली, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूरच्या नगरपालिका मोडल्या, बावीस-तेवीस खेडी त्यात ओढली. आपल्या बाजूची म्हसरूळ, मखमलाबाद, आडगाव, नांदूर, मानूर ही त्यातलीच. गावांचा सरपंच गेला, पंचायत गेली, ग्रामसभा गेली. मग नगरसेवक कधी आला? 1992 साली! मधल्या दहा वर्षांत या महापालिकेत एकही माणूस लोकांनी निवडून दिलेला नव्हता. 1991 चा सिंहस्थसुद्धा प्रशासकानेच उरकला. आपल्या रामकुंडावर लाखो लोक न्हाऊन गेले, पण पंचवटीतल्या माणसाला त्याबद्दल जाब विचारायला सभागृहच नव्हते.

जुनी गोष्ट कशाला उकरता, असे कोणी म्हणेल. तर मग नवी ऐका. मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुन्हा प्रशासक बसला. मुदत संपण्याआधी निवडणूक व्हावी, असे 74 वी घटनादुरुस्ती सांगते. इथे आरक्षणाचा वाद, प्रभागरचनेचा घोळ आणि कोर्टाच्या तारखा यांत जवळजवळ चार वर्षे गेली. मतदान झाले जानेवारी 2026 मध्ये. याच पोकळीत येत्या कुंभाचे आराखडे ठरले, त्यासाठी विभागीय आयुक्तांच्या हाताखाली वेगळे कुंभमेळा प्राधिकरण उभे राहिले आणि नोव्हेंबर 2025 मध्ये साधुग्रामासाठी तपोवनातल्या अठराशेच्या आसपास झाडांना हात घालायची नोटीस निघाली. लोक रस्त्यावर उतरले, झाडांना मिठ्या मारल्या. ज्या शहरात महासभा भरते, तिथे हा वाद आधी महासभेत गाजला असता. आपल्याला थेट झाडाखालीच सभा भरवावी लागली.

आता हे पत्रक कशासाठी? शहर पुन्हा फुगते आहे. दरी, मातोरी, शिलापूर, माडसांगवी या वाटांनी कोणीही जाऊन पाहावे, हद्द कुठे संपते ते पाटी वाचल्याशिवाय कळत नाही. पलीकडे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आहे, तेही नेमलेलेच. आज ना उद्या हद्दवाढीचा प्रस्ताव येणार, हे सांगायला ज्योतिषी नको. आमचा हद्दवाढीला सरसकट विरोध नाही. सांडपाणी नदीत सोडणाऱ्या वसाहतीला ग्रामपंचायतीचा तुटपुंजा निधी पुरत नाही, हे आम्हालाही दिसते. विरोध आहे तो आधी गाव गिळायचे आणि मत नंतर कधीतरी विचारायचे, या रीतीला.

पुण्याचे पाहा. ऑक्टोबर 2017 मध्ये 11 गावे घेतली. त्यातल्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी कराच्या बोज्यावरून इतकी ओरड केली, की अखेर ती दोन गावे बाहेर काढून 2024 मध्ये त्यांची वेगळी नगरपरिषद करावी लागली. जून 2021 अखेर आणखी 23 गावे घेतली. पंचायती लगेच बरखास्त, पण महापालिकेत आपला पहिला नगरसेवक निवडायला त्या गावांना जानेवारी 2026 उजाडले. साडेचार वर्षे त्यांनी कर कोणाला विचारून भरला? कल्याण-डोंबिवलीच्या 27 गावांना तर 1983 मध्ये आत, 2002 मध्ये बाहेर, 2015 मध्ये पुन्हा आत अशी फुगडीच घालायला लावली.

काही शहाणे म्हणतात, प्रशासक असला की कामे झपाट्याने होतात, नगरसेवकांची टक्केवारी तरी वाचते. नगरसेवक धुतल्या तांदळासारखे असतात, असा आमचाही दावा नाही. पण 2018 आठवा. मोकळ्या भूखंडाच्या करयोग्य मूल्याचा दर चौरस फुटाला 3 पैशांवरून एकदम 40 पैसे केला गेला. पिकत्या शेतालाही कर लागणार, या धास्तीने समाविष्ट खेड्यांतले शेतकरी रस्त्यावर आले. तेव्हा महासभा होती. तिने करवाढीविरुद्ध ठराव केला, आयुक्तांवर अविश्वासाची तयारी झाली आणि दर खाली आले. तीच करवाढ 2023 मध्ये आली असती, तर दाद कोणाकडे मागितली असती? ज्यांनी दर ठरवला, त्यांच्याकडेच!

म्हणून आमचे म्हणणे सरळ आहे. हद्दवाढीच्या अधिसूचनेतच निवडणुकीची तारीख छापा, आणि ती सहा महिन्यांच्या आत असू द्या. तोवर पंचायत मोडू नका. सरपंच आणि सदस्यांना विभागीय कार्यालयात बसवा, त्यांच्या सहीशिवाय गावातला खर्च नको. पंचायतीचे दप्तर, म्हणजे ठरावांची पुस्तके, घरांच्या नोंदी, गावठाण आणि गायरानाचे कागद, यादी करून ग्रामसभेत वाचून दाखवूनच सुपूर्द करा. एकदा गोणीत भरून गेलेले दप्तर परत येत नाही. पंचायतीच्या पाणीवाल्याला आणि सफाई कामगाराला आहे त्या नोकरीतच सामावून घ्या, ठेकेदाराच्या दारात उभे करू नका. घरपट्टी टप्प्याटप्प्याने वाढवा, तीही नळाला पाणी आल्यावर.

आणखी एक. खेड्यात वर्षाला किमान चार ग्रामसभा भरतात. शहरात आल्यावर ते दार बंद होते. कायद्यात 2009 पासून क्षेत्रसभेची तरतूद आहे, पण पंचवटीतल्या किती जणांनी क्षेत्रसभा डोळ्यांनी पाहिली आहे? नव्या नगरसेवकांना आमचे पहिले मागणे हेच आहे. निवडून आलात, आता प्रभागातल्या क्षेत्रसभा भरवून दाखवा. चार नगरसेवकांच्या प्रभागात ‘हे काम माझ्याकडे नाही’ म्हणायची सोय तरी राहणार नाही.

हद्दीबाहेरच्या गावकऱ्यांनो, प्रारूप अधिसूचना निघेल तेव्हा हरकतींची मुदत थोडी असेल, आणि ती बहुधा सणासुदीत किंवा द्राक्षाच्या ऐन हंगामात येईल. ग्रामसभेचा ठराव आत्ताच करून ठेवा. हरकत लेखी द्या, दोन प्रती करा, आणि एका प्रतीवर तारखेसह शिक्का बसल्याशिवाय खिडकी सोडू नका.

— पंचवटीतले काही करदाते