“पंप संपला, तेवढा लिहून द्या”

सोयाबीनची मळणी सुरू झाली की दिवसभर थ्रेशरपाशी भुसा आणि धूळ अंगावर घेतलेले दम्याचे रुग्ण रात्री धापा टाकत दवाखाना गाठतात. वाशिम जिल्ह्यात प्रॅक्टिस करणाऱ्या कुणाला हे सांगायला नको. पण त्याच्या आधीच, ऐन पावसाळ्यात, यातले काही जण दारातून डोकावून गेलेले असतात : “डॉक्टरसाहेब, पंप संपला, तेवढा लिहून द्या.” बाहेर गर्दी असते, आपण लिहून देतो. कित्येकदा तेवढेही लागत नाही. रिकामा पंप दाखवला की मेडिकलमधून नवा मिळतो.

हा पंप बहुतेक वेळा सालब्युटामॉलचा असतो. पाच मिनिटांत श्वासनलिका मोकळ्या होतात आणि चार-सहा तासांत परिणाम ओसरतो. आतली सूज जिथल्या तिथे राहते. आराम पडतो म्हणून रुग्ण स्टेरॉइडचा पंप बाजूला ठेवतो, आणि खरा धोका इथे आहे. ‘जीना’ या दम्यावरील जागतिक उपक्रमाच्या मार्गदर्शनानुसार २०१९ पासून प्रौढ व किशोरवयीन रुग्णांना नुसत्या सालब्युटामॉलवर ठेवायचे नाही. सौम्य दम्यातही श्वासावाटे स्टेरॉइड हवेच. रोज घेणे जमत नसेल, तर लागेल तेव्हा ब्युडेसोनाइड-फॉर्मोटेरॉल द्यावे.

सालब्युटामॉलच्या एका पंपात २०० मात्रा असतात. वर्षात तीन पंप संपले म्हणजे रोज सरासरी दीडहून जास्त वेळा दाबला गेला. इथूनच तीव्र झटक्याचा धोका वाढू लागतो. बारा पंपांवर गेलेल्यांत मृत्यूचा धोका वाढलेला दिसतो. ब्रिटनमध्ये दम्याने झालेल्या १९५ मृत्यूंची छाननी २०१४ साली प्रसिद्ध झाली. असा पंप वापरणाऱ्या ज्या रुग्णांच्या चिठ्ठ्यांची नोंद मिळाली, त्यांतल्या ३९ टक्क्यांना शेवटच्या वर्षात बाराहून अधिक पंप दिले गेले होते. तिथे निदान नोंद तरी होती. आपल्याकडे किती पंप गेले ते मेडिकलच्या काउंटरलाच ठाऊक असते, म्हणून हे लेखन औषधविक्रेत्यांसाठीही आहे.

पंप लवकर संपण्यामागे दुसरेही एक कारण असते : औषध छातीत पोचतच नाही. रुग्णाला आपल्यासमोर एकदा पंप ओढायला सांगा आणि फक्त बघत राहा. कुणी पंप हलवत नाही. कुणी आधी दाबतो आणि मग श्वास घेतो, तेव्हा अर्धा फवारा तोंडाबाहेर धुरासारखा दिसतो. कुणी दाबताना नाकाने श्वास घेतो. पूर्ण श्वास सोडून, ओठ घट्ट मिटून, दाबतानाच तीन ते पाच सेकंद सावकाश श्वास आत ओढणे आणि दहा सेकंद रोखणे एवढेच शिकवायचे असते. पण ते तोंडी सांगून जमत नाही, करवून घ्यावे लागते.

रोटाकॅपचे याच्या नेमके उलटे आहे. तिथे श्वास जोरात आणि खोल ओढावा लागतो, आणि यंत्रात फुंकर गेली तर भुकटी ओलसर होते. कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारेही भेटतात, आणि तो दोष त्यांचा नाही. एकाच रुग्णाला दोन जातींची यंत्रे देणे शक्यतो टाळावे. लहान मुले आणि म्हातारी माणसे यांना पंपाबरोबर स्पेसर द्या. तो साबणाच्या पाण्याने धुऊन तसाच वाळू द्यायचा, फडक्याने पुसायचा नाही. पुसल्याने प्लास्टिकला स्थिर वीज येते आणि औषध आत चिकटून राहते.

“पंपाची सवय लागते” ही भीती घराघरांत आहे. तिला आकड्यानेच उत्तर द्यावे. ब्युडेसोनाइडची एक मात्रा २०० मायक्रोग्रॅमची असते. झटक्यात आपण देतो ती प्रेडनिसोलोनची ४० मिलिग्रॅमची मात्रा तिच्या दोनशे पट भरते. आणि दर महिन्याला सुई टोचून घेणारा रुग्ण पंपाला घाबरतो! चूळ भरून टाकायची आठवण तेवढी करून द्या.

काढणीआधी दोन गोष्टी कराव्यात. पंप दिल्याची तारीख केसपेपरवर लिहावी, आणि वर्षातला तिसरा पंप मागणाऱ्याला औषधविक्रेत्याने डॉक्टरकडे परत पाठवावे. मात्र पंप घेऊनही ज्याचा आराम टिकत नाही, ज्याला एक वाक्य सलग बोलता येत नाही, त्याला नवा पंप देऊन घरी पाठवू नका. ऑक्सिजन, नेब्युलायझर आणि स्टेरॉइड लगेच सुरू करा आणि वेळ न घालवता वाशिमला हलवा.