'शून्य' आणि 'निरंक'

सरकारी कागदपत्रांत 'निरंक' हा शब्द फार सोयीचा आहे. त्याचा मूळ अर्थ 'अंक नसलेला', पण कचेरीत तो सर्रास शून्यासाठी वापरला जातो. त्यामुळे वाचणाऱ्याला कळत नाही, की मोजून शून्य आले, की मोजलेच नाही?

यवतमाळसारख्या जिल्ह्यात हा शब्दच्छल राहत नाही. सोळा तालुक्यांच्या या कापूसपट्ट्यातली बहुतेक शेती पावसावर चालते. चोवीस तासांत महसूल मंडळात ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, की अतिवृष्टी मानली जाते आणि पंचनाम्यांचा, मदतीचा प्रश्न उभा राहतो. समजा, एका मंडळात तीन दिवस १२, ८ आणि १० मिलिमीटर पाऊस झाला आणि चौथ्या दिवशी पर्जन्यमापक बंद होता. तिथे शून्य लिहिले, तर सरासरी दहावरून साडेसातवर येते. आणि त्याच दिवशी मुसळधार पाऊस कोसळला असेल, तर कागदावर तो पडलाच नाही!

संगणकाने हा घोळ कधीच ओळखला. अपूर्णांकी संख्या कशा साठवायच्या, याचे 'आयईईई ७५४' हे मानक १९८५ साली ठरले. त्यामागचे गणिती विल्यम काहान यांना १९८९चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. 'सी' भाषेच्या १९९९च्या मानकाने गणिताच्या ग्रंथालयात 'एफपी क्लासिफाय' ही सोय दिली. तिला संख्या दाखवली, की ती पाचांपैकी एक वर्ग सांगते: सामान्य, अतिसूक्ष्म, शून्य, अनंत आणि 'नॅन', म्हणजे 'संख्याच नव्हे'.

अतिसूक्ष्म संख्या अचूकता थोडी गमावते, पण तिला शून्यात ढकलत नाहीत. मोजता न येण्याइतक्या शिडकाव्याला हवामानशास्त्रात 'ट्रेस' म्हणतात, तसाच हा प्रकार. एकाला शून्याने भागले, तर संगणक अनंत सांगतो. आपल्या भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात अशाच राशीला 'खहर' म्हटले होते. शून्याला शून्याने भागले, तर मात्र उत्तर 'नॅन'. त्यात काहीही मिळवा, बेरीज 'नॅन'च येते. ते स्वतःच्याही बरोबरीचे नसते, कारण दोन अज्ञात गोष्टी सारख्या आहेत असे म्हणायला आधार नसतो.

मला यात तांत्रिक करामतीपेक्षा प्रामाणिकपणा अधिक दिसतो. ठाऊक नसलेल्या गोष्टीला खोटा आकडा चिकटवायचा नाही, आणि अज्ञान बेरजेत लपवायचे नाही. एवढा साधा नियम आपल्या नोंदवह्यांना का जड जावा? पावसाच्या तक्त्यात 'पाऊस नाही' आणि 'नोंद नाही' अशा दोन वेगळ्या खुणा सक्तीच्या कराव्यात, आणि सरासरीखाली ती किती दिवसांच्या नोंदींवर काढली, हेही छापावे. याला खर्च फारसा नाही. पण ज्याचे शेत वाहून गेले, त्याला 'तुमच्याकडे पाऊसच नव्हता' असे ऐकून घ्यावे लागणार नाही.