आखूड गाडी की लांब गाडी?



चवथीला सत्तरीतल्या गावच्या घरी सगळे जमलो की एखादा वाद हमखास रंगतो. यंदाचा वाद गाडीवरून झाला. धाकट्या चुलतभावाला थार घ्यायची आहे, पण तीन दारांची आखूड घ्यावी की पाच दारांची रॉक्स, हे त्याचं ठरत नाही. त्याच्या मित्रांचा सल्ला एकच : "डोंगरात जायचं तर आखूडच. लांब ती फॅमिलीवाल्यांची." हे वाक्य मला खटकलं, म्हणून हा लेखनप्रपंच.

आखूड गाडीच्या बाजूने जे खरं आहे ते आधी कबूल करतो. पुढच्या चाकांपासून मागच्या चाकांपर्यंतचं अंतर म्हणजे व्हीलबेस. तीन दारांच्या थारचा तो २४५० मिलिमीटर आहे, २०२४ साली आलेल्या रॉक्सचा २८५०. वाटेत उंचवटा आला की पुढची चाकं पलीकडे उतरतात, मागची अजून अलीकडे असतात आणि गाडीचं पोट बरोबर माथ्यावर येतं. अंतर जितकं जास्त तितकं पोट टेकायची भीती जास्त. एकदा टेकलं की चाकं नुसती गरगरतात, मग चारही चाकांना ताकद असून काय उपयोग?

दुसरी गोष्ट वळणाची. आमच्या घराकडे जाणारा शेवटचा दीड किलोमीटर जांभ्या दगडाचा आहे. मध्ये एक व्हाळ, आणि व्हाळ ओलांडला की कुळागराच्या गडग्याला खेटून कोपरासारखं वळण. लांब गाडीचं मागचं चाक वळणावर पुढच्यापेक्षा बरंच आतून जातं. काकांच्या जुन्या लांब गाडीने त्या गडग्याचे चिरे दोनदा पाडले आहेत. शेजारचे आजोबा अजून आठवण करून देतात, "व्हडली गाडी हांगा वचची ना, बाब!"

पण माझं मत बदललं ते तीन वर्षांपूर्वी. त्या चवथीला गणपतीची मूर्ती चित्रशाळेतून एका मित्राच्या आखूड गाडीतून आणली. मी मागे मूर्ती धरून बसलो होतो. आखूड गाडीचं पुढचं चाक खड्ड्यातून सावरतं न सावरतं तोच मागचं त्यात पडतं, आणि गाडी सारखी पुढेमागे हिंदकळते. तेही सोसलं असतं. पण व्हाळाकडे उतरणाऱ्या चिखलात मित्राने जरासा ब्रेक दाबला आणि मागची बाजू झर्रकन फिरली. गाडी वाटेला आडवी! कडेला हातभर जागा उरली होती. लांब गाडीही घसरते, नाही असं नाही, पण ती सावकाश फिरते. स्टेअरिंग उलटं फिरवून सावरायला क्षण-दोन क्षण देते. आम्हाला तो क्षण मिळाला नाही. मूर्तीला काही झालं नाही, पण घरी पोहोचेपर्यंत माझे हात थरथरत होते.

आणि आई? पुढची सीट वाकवून मागे चढणं तिच्या गुडघ्यांना जमेना. ती पावसात दीड किलोमीटर चालत आली. माटोळीचं सामान मात्र गाडीत होतं!

तशी 'आखूड' ही कल्पनाही किती बदलली आहे बघा. दुसऱ्या महायुद्धातल्या मूळ विलीज जीपचा व्हीलबेस होता ८० इंच, म्हणजे २०३२ मिलिमीटर. त्या हिशेबाने आजची आखूड थारसुद्धा लांबच. मारुतीने २०२३ साली जिम्नी आपल्याकडे विकायला काढली ती पाच दारांची, २५९० मिलिमीटरची. बाहेरच्या देशांत चालणारी तीन दारांची जिम्नी २२५० ची आहे. इथे मागे कोणीतरी बसणार, हे कंपनीने ओळखलं, आपल्या मित्रमंडळींना ते अजून उमगायचं आहे.

कुळ्याला जाऊन या. दूधसागरच्या वाटेवर बोलेरोच्या जातीच्या लांब गाड्या पर्यटकांनी भरून, पाण्यातून आणि गोट्यांवरून हंगामभर ये-जा करतात. बोलेरोचा व्हीलबेस २६८० आहे. त्या चालकांपुढे आपले शनिवार-रविवारचे वीर काय टिकणार! कुठल्या दगडावर कुठलं चाक ठेवायचं हे त्यांना पाठ असतं. उंचवटा सरळ न घेता तिरपा घेतला तर पोट वाचतं, वाट अडली तर खाली उतरून दोन दगड रचता येतात. लांब गाडीची उणीव अशी हाताने थोडीफार भरून निघते. आखूड गाडीत नसलेली जागा कशाने भरणार? (किनाऱ्यावरच्या वाळूत थार रुतवून बसणाऱ्यांविषयी मी बोलत नाहीय. तिथे गाडी नेणंच बेकायदा आहे, मग ती कितीही आखूड असो.)

एकटा-दुकटा हिंडणारा असेल, वाट अरुंद असेल, तर आखूड गाडी खुशाल घ्यावी, मौजच मौज. पण गोव्यात आमच्यासारख्या कितीतरी घरांना खराब वाट हा खेळ नसतो, ती घरी जायची वाट असते. त्या वाटेवर म्हातारी माणसं असतात, नारळाची पोती असतात, कधी रात्री-अपरात्री आजारी माणूस असतो. भावाला मी रॉक्सच घे म्हणून सांगितलं आहे.

काकांना हे पटलेलं नाही. त्यांचा जीव गडग्यात अडकलाय. येत्या रविवारी ते आणि भाऊ मोजपट्टी घेऊन वळणावर जाणार आहेत. गडगा हातभर मागे घ्यायचा झाला तर किती चिरे लागतील, ते मोजायला.