विजेची ‘हातभट्टी’ आणि आमचा सोंवळेपणा

अमेरिकेंतील कित्येक हौशी गृहस्थ बिअर बनविण्याची विजेवर चालणारी सामग्री आपल्या घरीं स्वतःच्या हातांनीं उभारतात, असें सांगितलें म्हणजे आमच्या सुशिक्षित मंडळींत दोन उद्गार ठरलेले असतात. पहिला, ‘शिव शिव! घरांत हातभट्टी!’ आणि दुसरा, ‘बाजारांत बाटली मिळत असतां ही उठाठेव कशाला?’ पहिला उद्गार धर्मबुद्धीचा व दुसरा व्यवहारबुद्धीचा समजला जातो. आमच्या मतें दोन्ही एकाच रोगाचीं लक्षणें आहेत. वस्तु कशी घडते याविषयींची बेफिकिरी, हा तो रोग होय.

मद्यपानाची तरफदारी करण्याचा आमचा हेतु नाहीं, हें प्रथमच सांगून टाकतों. दारूनें धुळीस मिळालेले संसार महाराष्ट्रानें पुष्कळ पाहिले आहेत, आणि १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वयें परवान्यावांचून मद्य तयार करणें येथें गुन्हा आहे. तो कायदा कोणीं मोडावा असें आम्ही सुचवीत नाहीं. अमेरिकेंतहि ही मोकळीक सहजासहजीं मिळालेली नाहीं. तेथील दारूबंदी १९३३ सालीं उठली व घरगुती वाइनला मुभा मिळाली. बिअर तेवढी वगळली गेली. ही उणीव भरून काढणाऱ्या कायद्यावर अध्यक्ष कार्टर यांची सही झाली ती १९७८ सालीं. एका प्रौढ माणसास वर्षाला १०० गॅलन, दोन वा अधिक प्रौढांच्या घरास २०० गॅलन, आणि विक्रीस मनाई, अशा त्याच्या मर्यादा आहेत. अलाबामा व मिसिसिपी या राज्यांनीं तर २०१३ सालापर्यंत वाट पाहावयास लाविली.

आतां ही सामग्री असते तरी काय? तीन मोठे पोलादी हंडे. एकांत पाणी तापतें. दुसऱ्यांत मोड आणून वाळविलेले व भरडलेले जव कढत पाण्यांत मुरतात. तिसऱ्यांत त्यांचा गाळलेला गोड काढा हॉप्सच्या फुलांसह सुमारें तासभर उकळतो. जवांतील पिष्टाची साखर करणारीं द्रव्यें सुमारें ६२ ते ७० अंश सेल्सिअस एवढ्या अरुंद पट्ट्यांतच नीट काम करतात. ६४ अंशांवर मुरविलें तर पेय हलकें व कोरडें उतरतें; ६९ अंशांवर मुरविलें तर दाट व गोडसर. पांच अंशांचा हा सारा खेळ! उघड्या ज्वालेवर तो साधणें कठीण. तापमापकाशीं जोडलेला विजेचा नियंत्रक तो सहज साधतो.

२० लिटर पाणी २० अंशांवरून ६६ अंशांवर नेण्यास एक युनिटाहून किंचित् अधिक वीज लागते. ५५०० वॅटचें वेटोळें असलें तर हें काम बारा मिनिटांत होतें. तें वेटोळें २४० व्होल्टवर सुमारें २३ अँपिअर प्रवाह ओढतें, म्हणून त्याला ३० अँपिअरची स्वतंत्र जोडणी द्यावी लागते. हें गणित आमच्या पदवीधरांनीं परीक्षेंत सोडविलेलें असतें व निकालाच्या दिवशीं विसरलेलें असतें. तो हौशी गृहस्थ तेंच गणित तारेच्या जाडींत उतरवितो. दोघांपैकीं पदार्थविज्ञान कोणाला आलें, हें वाचकांनींच ठरवावें.

ज्या नियमानें तें वेटोळें तापतें तो १८४० च्या सुमारास शोधून काढणारा जेम्स जूल हा सॅलफर्ड येथील एका बिअर-कारखानदाराचा मुलगा होता, आणि तो स्वतः त्या कारखान्याचा कारभार पाहत असे. पाश्चरनें १८७६ सालीं बिअरवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेंत हान्सेननें १८८३ सालीं एकाच पेशीपासून शुद्ध किण्व वाढविलें, आणि तेथेंच सोरेन्सेननें १९०९ सालीं आम्लता मोजण्याचें पी-एच माप दिलें. हीं नांवें आमच्या विज्ञानाच्या पुस्तकांत सोंवळीं होऊन आलीं; हंडा मात्र ओंवळाच राहिला.

‘पाणी आणि वीज एकत्र म्हणजे मृत्यूला आमंत्रण,’ असा एक आक्षेप राहतो. तो खोटा नाहीं. परंतु तो करणाऱ्यांच्या न्हाणीघरांत डोकावून पाहावें. बादलींत विजेची कांडी सोडलेली असते, भूजोडणीचा पत्ता नसतो, आणि पाणी तापलें कीं नाहीं हें बोट बुडवून पाहण्यांत येतें! उलट तो हौशी गृहस्थ प्रत्येक हंडा जमिनीशीं जोडतो, आणि अँपिअरच्या पांच सहस्रांशाइतकी गळती होतांच प्रवाह तोडणारी कळ बसवितो. धोका ज्ञानानें टळतो; तिकडे डोळेझाक केल्यानें टळत नाहीं.

‘तयार यंत्र विकत कां घेऊं नये?’ असें विचारणारेहि आहेत. अशीं यंत्रें मिळतात; कळ दाबावी व स्वस्थ बसावें. परंतु तीं बिघडलीं म्हणजे मालक हात जोडून कारागिराची वाट पाहतो. ज्यानें प्रत्येक तार स्वतः जोडली त्याला दोष कोठें शोधावा हें ठाऊक असतें. विकत घेतलेल्या सोयीबरोबर हें ज्ञान मिळत नाहीं.

शेवटीं, हें सारें परकीय आहे असेंहि कोणीं समजूं नये. आमच्या आज्या नाचणी भिजवीत, फडक्यांत बांधून मोड आणीत, वाळवून दळीत आणि तें सत्त्व बाळाला शिजवून देत. पेज पातळ व गोडसर होई ती जवांतील द्रव्यांसारख्याच द्रव्यांमुळें. जवाला मोड आणणें व नाचणीला मोड आणणें ही एकच विद्या आहे. आज तेंच सत्त्व आम्ही डब्यांतून विकत आणतों, आणि डब्यावरील अक्षरें वाचणें यालाच शिक्षण म्हणतों.

आमची मागणी एवढीच आहे. प्रत्येक शाळेंत, आणि जमेल त्या घरांत, एक हंडा, एक तापमापक व एक विजेचा नियंत्रक मुलामुलींनीं जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीं स्वतः जोडावा. त्यांत नाचणी मुरवावी, दहीं लावावें, इडलीचें पीठ आंबवावें. कोणत्या अंशावर काय घडलें तें वहींत लिहावें. याला कोणताहि कायदा आड येत नाहीं; आड येतो तो हाताला काळें लागेल हा आमचा धाक. तो सुटेपर्यंत अमेरिकन गृहस्थाच्या हंड्यांत काय आंबतें याची चौकशी करण्याचा अधिकार आम्हांस पोहोंचत नाहीं.