मनाचे गुपित आणि तालुक्याचा दवाखाना

मानसिक आरोग्यसेवेसंबंधीचा कायदा संसदेने २०१७ साली संमत केला आणि पुढील वर्षी तो अमलात आला. या कायद्याचे तेविसावे कलम मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला आपल्या आजाराविषयीची आणि उपचारांविषयीची माहिती गुप्त राखली जाण्याचा हक्क देते. चोविसाव्या कलमानुसार अशा व्यक्तीचे छायाचित्र वा अन्य माहिती तिच्या संमतीवाचून प्रसिद्धिमाध्यमांना देता येत नाही. १९१२ च्या जुन्या कायद्याला वेड्यांच्या बंदोबस्ताची चिंता होती आणि १९८७ च्या कायद्याचे लक्षही मुख्यतः इस्पितळातील भरतीवर होते. त्या मानाने हा पालट मोठा आहे. परंतु हक्क कायद्यात नोंदला गेला म्हणजे तो तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत पोचला, असे मानता येत नाही. हे अंतर किती आहे, हे पालघर जिल्ह्यातील डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांकडे पाहिले म्हणजे ध्यानात येते.

नोव्हेंबर २०१८ पासून या भागाला भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सोसावी लागली. धुंदलवाडी आणि आसपासच्या पाड्यांतील कुटुंबांनी थंडीच्या रात्री घराबाहेर, तंबूंत काढल्या. त्या काळात मनावर आलेले दडपण उघडपणे बोलले गेले, कारण भीती सर्वांची एकच होती आणि तिचे कारण जमिनीखाली होते. तिच्यात कोणाची बेअब्रू नव्हती. नवऱ्याची दारू आणि मारहाण, मुलीला नको असलेले लग्न, कर्जाचा घोर, आत्महत्येचा विचार, कानी पडणारे आवाज ही दुःखे मात्र तशी नसतात. ती सांगायची तर ऐकणाराच्या तोंडून ती बाहेर पडणार नाहीत, अशी खात्री असावी लागते. शल्यचिकित्सकाचे काम रुग्ण अबोल राहिला तरी होऊ शकते. मानसोपचाराचे होत नाही. तेथे रुग्णाचे बोलणे हाच उपचाराचा पाया असतो. म्हणून गोपनीयता हा या व्यवसायातील केवळ सौजन्याचा भाग नव्हे. ती उपचाराचेच एक अंग आहे.

चांगल्या मानसशास्त्रज्ञाच्या व्यवहारात याची एक ठरलेली रीत असते. पहिल्याच भेटीत तो काय गुप्त राहील आणि काय राहू शकणार नाही हे सांगतो. संभाषणाची टिपणे सर्वांच्या हाती जाणाऱ्या केसपेपरवर न लिहिता निराळी, कुलुपात ठेवतो. वरिष्ठांचा सल्ला घ्यायचा झाल्यास रुग्णाचे नाव वगळतो. नातेवाइकांशी बोलण्यापूर्वी रुग्णाची अनुमती घेतो. ही रीत शहरातील खासगी दालनात पाळणे अवघड नाही. पण जेथे मानसोपचाराचा एक वार ठरलेला असतो, त्या वारी बाकावर कोण बसले आहे हे येणारा-जाणारा पाहतो, नावे मोठ्याने पुकारली जातात आणि खोलीला दाराऐवजी पडदा असतो, तेथे गुपित आत शिरण्यापूर्वीच फुटलेले असते.

भाषेची अडचण याहून बिकट आहे. तलासरी तालुक्यात आदिवासींची संख्या फार मोठी आहे आणि डहाणूतही ते बहुसंख्य आहेत. घरी वारली बोलणाऱ्या स्त्रीला आपली व्यथा बाहेरून आलेल्या डॉक्टरला प्रमाण मराठीत सांगता येईलच असे नाही. मग दुभाषी म्हणून सासू, दीर किंवा त्याच पाड्यावरची शेजारीण पुढे येते. सासूच्या तोंडून सुनेचे दुःख डॉक्टरपर्यंत कितपत पोचेल, हे सांगण्याची गरज नाही. शिवाय कायद्याने गुप्ततेचे कर्तव्य घातले आहे ते उपचार करणाऱ्या आरोग्य व्यावसायिकांवर. सोबतीला आलेली शेजारीण त्या व्याख्येत बसत नाही. म्हणजे जिच्या कानावरून प्रत्येक शब्द जातो, तिच्यावर कसलेच बंधन नाही.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर येथे एक दुष्टचक्र दिसते. ज्याची ऐपत आहे तो अनोळखीपणा विकत घेतो. २०१३ साली उपनगरी गाडी डहाणू रोडपर्यंत आली, तेव्हापासून बोरिवली वा अंधेरी गाठणे सुलभ झाले. तेथील डॉक्टरच्या दारात ओळखीचे माणूस भेटण्याचा धोका नसतो. तलासरीत रेल्वे नाही. तेथील मजुराला महामार्गाने वापीकडे वा मुंबईकडे जायचे तर भाड्याबरोबर दिवसाची मजुरीही गमवावी लागते. त्याला हा अनोळखीपणा परवडत नाही, म्हणून तो गप्प राहतो. मग दवाखान्यातील नोंदवही रिकामी दिसते आणि तिच्यावरून या भागात अशा सेवेला मागणीच नाही असा निष्कर्ष काढला जातो. मागणी नाही म्हणून तरतूद नाही आणि तरतूद नाही म्हणून दार नाही. वास्तविक जी सेवा विश्वासार्ह स्वरूपात देऊच केलेली नाही, तिची मागणी नोंदवहीत उमटणार कशी?

यावर एक आक्षेप घेतला जातो. पाड्यावर कोणाचे काही लपून राहत नाही. भगतही सर्वांसमक्षच उपाय सांगतो. तेव्हा गोपनीयतेचे हे शहरी खूळ तेथे कशाला, असे विचारले जाते. पण भगत दोष बाहेर शोधतो. तो रुग्णाला त्याच्या आयुष्याची उलटतपासणी करायला लावत नाही, म्हणून ती गोष्ट चारचौघांत होऊ शकते. आणि बाहेर शोधलेला हा दोष कधी कधी एखाद्या एकाकी बाईच्या माथी मारला जातो व तिला भुताळी ठरवले जाते. असे आरोप हा गुन्हा ठरवणारा जादूटोणाविरोधी कायदा महाराष्ट्राला २०१३ साली करावा लागला, ही गोष्ट विसरता येत नाही. जेथे एका फुटलेल्या शब्दाने बाईचे घर उठू शकते, तेथे गुप्ततेची गरज शहरापेक्षा अधिक आहे.

अर्थात गोपनीयता निरपवाद असू शकत नाही. दुसऱ्याला इजा होण्याचा वा कोणाच्या जिवाला धोका असल्यास माहिती देण्याची मुभा तेविसाव्या कलमातच आहे. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली टॅरासॉफ खटल्यात, रुग्णाकडून ज्याला धोका आहे त्याच्या संरक्षणाची जबाबदारी उपचारकावर येते, असे ठरवले. तेव्हापासून हा वाद जगभर चालू आहे. आपल्याकडे आश्रमशाळेतील मुलींच्या बाबतीत हा प्रश्न अधिक नाजूक होतो. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलावर वा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले की त्याची वर्दी देणे बंधनकारक आहे. न दिल्यास शिक्षा आहे. तेव्हा ‘तू सांगशील ते कोणालाही कळणार नाही’ असे आश्वासन समुपदेशकाने मुलीला देणे ही फसवणूकच ठरते. त्याने मर्यादा आधी सांगावी आणि वर्दी द्यावी लागली तर ती मुलीला कल्पना देऊन द्यावी. वर्दी पोलिसांना द्यायची असते, शाळेच्या आवारात वाटायची नसते. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, अल्पवयीन मुलीने व तिच्या पालकांनी विनंती केल्यास गर्भपात करणाऱ्या डॉक्टरने वर्दीत तिची ओळख उघड करण्याची गरज नाही, असे म्हटले. कायद्याचे पालन आणि मुलीची अब्रू या दोन्ही गोष्टी एकत्र सांभाळता येतात, हाच त्याचा अर्थ.

या साऱ्यासाठी लागणारा खर्च अवाढव्य नाही. खोलीला दार हवे. मानसोपचाराचा वार सामान्य बाह्यरुग्ण विभागाच्या गर्दीत मिसळून टाकावा, म्हणजे बाकावर बसलेला माणूस तापासाठी आला आहे की मनासाठी, हे बाहेरच्याला कळणार नाही. वारली जाणणाऱ्या स्त्री-पुरुषांना दुभाष्याचे शिक्षण द्यावे, मानधन द्यावे आणि त्यांच्याकडून गुप्ततेची लेखी हमी घ्यावी. त्यांना त्यांच्या स्वतःच्या पाड्यावरील रुग्ण देऊ नयेत. शिबिरांतील रुग्णांची छायाचित्रे वृत्तपत्रांकडे धाडण्याची हौस आवरावी. आश्रमशाळेच्या मुख्याध्यापकाला मुलीच्या सुरक्षिततेसाठी आवश्यक तेवढेच सांगावे. समुपदेशकाची टिपणे मागण्याचा अधिकार त्याला असू नये. जिल्ह्याचे आरोग्य खाते आणि डहाणूचे आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय यांनी एकत्र बसून ठरवले तर यातील बहुतेक गोष्टी नव्या कायद्यावाचून होण्याजोग्या आहेत. संसदेने आपले काम २०१७ साली केले. आता उरले आहे ते सुताराचे, दुभाष्याचे आणि कारकुनाचे काम. ते झाल्यावाचून तलासरीच्या बाईला तिच्या नावावर लिहिलेला हक्क वापरता येणार नाही.