‘असते तर’ची हेळसांड

वालावलला लक्ष्मीनारायणाच्या देवळाशेजारी, तळ्याच्या काठावर संध्याकाळी वयस्क मंडळी बोलत बसतात. त्यांचे बोलणे लक्ष देऊन ऐकावे. त्यातली बरीचशी वाक्ये न घडलेल्या गोष्टींविषयी असतात. १९८२ चा गिरणी संप तसा चिघळला नसता तर थोरला मुंबईतच स्थिरावला असता. कोकण रेल्वे १९९८ ऐवजी वीस वर्षे आधी आली असती तर धाकट्याने गाव सोडले नसते. बॅरिस्टर नाथ पै १९७१ साली अकाली गेले नसते तर या जिल्ह्याचे राजकारण निराळे झाले असते. उशिरा आलेल्या सोबत्यालाही हेच व्याकरण ऐकवले जाते : ‘तू काल इलो असतस तर भेट झाली असती.’ यांपैकी कोणीही व्याकरणाचे पुस्तक उघडलेले नाही आणि एकाचेही लिंग-वचन चुकत नाही.

याच मंडळींची नातवंडे आमच्या वर्गांत बसतात. फळ्यावर सूत्र लिहिलेले असते : ‘इफ’च्या वाक्यात ‘हॅड’ व क्रियापदाचे तिसरे रूप, उरलेल्या वाक्यात ‘वुड हॅव’ व पुन्हा तिसरे रूप. पाढ्यासारखे ते घोकले जाते आणि परीक्षेत हमखास चुकते. मग शिक्षककक्षात निदान होते की मराठी माध्यमाच्या मुलांना ‘ही कल्पनाच झेपत नाही’, त्यांच्या भाषेत असा काळ नाही. हे निदान मी गेली अनेक वर्षे ऐकत आलो आहे. ते केवळ चुकीचे नाही, ते अपमानकारक आहे, आणि त्याला आम्ही मराठीचे अध्यापकही तितकेच जबाबदार आहोत.

मराठीत असा ‘काळ’ नाही, हे खरे. मराठीत त्यासाठी ‘अर्थ’ आहे, संकेतार्थ. स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ ही चौकडी आपण शाळेत पाठ केलेली असते. पण तिचे मर्म कोणी सांगत नाही. ‘तो असतो’ आणि ‘तो असता’, ‘ती असते’ आणि ‘ती असती’ : एका स्वराचा फरक होतो आणि माणूस वास्तवातून उठून कल्पनेत जाऊन बसतो. शिवाय हे रूप लिंगवचनाचे भान सोडत नाही. मुलगा आला असता, मुलगी आली असती, मूल आले असते. ‘मी पत्र लिहिले असते’ पण ‘मी चिठ्ठी लिहिली असती’. न लिहिलेल्या चिठ्ठीचेही स्त्रीलिंग मराठी विसरत नाही. इंग्रजीचे ‘वुड हॅव’ या साऱ्यांना एकच.

आता मुलांची ती सुप्रसिद्ध चूक पाहू. ती लिहितात : ‘इफ आय वुड हॅव नोन, आय वुड हॅव कम.’ लाल शाईने ‘वुड’ खोडले जाते. पण ही चूक आली कुठून? ‘मला माहीत असते तर मी आलो असतो.’ मराठीत दोन्ही वाक्यांत ‘अस’ धातूचे संकेतार्थी रूप येते. मुलाने आपल्या भाषेची सममिती प्रामाणिकपणे पलीकडे नेली. गंमत अशी की ज्यांची जन्मभाषा इंग्रजी आहे असे असंख्य लोक, विशेषतः अमेरिकेत, रोजच्या बोलण्यात हेच वाक्य बोलतात. ते ग्रांथिक लेखनात चालत नाही हे मुलांना जरूर सांगावे. पण ‘कल्पना झेपत नाही’ म्हणून सांगू नये.

खरी अडचण वेगळीच आहे आणि ती मी नाकारणार नाही. ‘पैसे असते तर घर घेतले असते’ हे वाक्य आजविषयी आहे की दहा वर्षांपूर्वीविषयी? मराठी क्रियापद ते सांगत नाही. ते काम ‘आज’, ‘तेव्हा’ अशा शब्दांवर किंवा संदर्भावर सोपवले जाते. आपले क्रियापद आधी खरे-खोटे वेगळे करते. इंग्रजीला तेवढ्यावर भागत नाही. आजच्या अवास्तवाला ती एक पायरी मागे सरते, कालच्या अवास्तवाला दोन. एवढे एक वाक्य मराठीतून सांगितले तर फळ्यावरच्या सूत्राला अर्थ येतो. सूत्र हवेच, पण ते नंतर.

या संदर्भात एक उदाहरण बोलके आहे. जयंत नारळीकरांनी ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा लिहिली. तीत विश्वासरावांना लागायची गोळी चाटून जाते, १७६१ ची लढाई मराठे जिंकतात आणि इतिहासाचे प्राध्यापक गायतोंडे त्या निराळ्या हिंदुस्थानात जाऊन पोहोचतात. म्हणजे संपूर्ण कथाच एक संकेतार्थी वाक्य! तिचे इंग्रजी रूप ‘द अ‍ॅडव्हेंचर’ एनसीईआरटीच्या अकरावीच्या ‘हॉर्नबिल’ या पुस्तकात आले, आणि पाठाखालच्या स्वाध्यायात काल्पनिक अटींची इंग्रजी वाक्ये वेगळी काढून दाखवली गेली. एका मराठी कल्पनेच्या आधारे देशभरची मुले इंग्रजी संकेतार्थ शिकली. आणि आमच्या मुलांच्या भाषेत मात्र ही सोय नाही म्हणे!

आता स्वतःकडे वळू. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ चे, मोरो केशव दामल्यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ चे. एवढा वारसा असून आपण संकेतार्थाचे काय केले? ‘अर्थ ओळखा’, गुण एक. पाऊस पडला असता तर पीक आले असते, हे ठरीव उदाहरण, पुढचा प्रश्न. साहित्याच्या वर्गात व्याकरण म्हणजे रुक्ष काम, असे मानण्यात आपण धन्यता मानली. परिणामी पदव्युत्तर उत्तरपत्रिकांत मी ‘गिरण्या टिकल्या असत्या तर माणसे परत येणार नाहीत’ अशी वाक्ये वाचतो. पहिल्या अर्ध्यात कल्पना, दुसऱ्यात भविष्य. ही केवळ रूपाची चूक नव्हे, विचार मध्येच सुटल्याची ती खूण आहे.

कारण टीकालेखन याच अर्थावर उभे असते. ही कादंबरी प्रथमपुरुषी असती तर काय हरवले असते, हे विचारता येत नाही त्याला समीक्षा कशी करता येईल? इतिहासातले एखादे कारण किती वजनाचे, हे ते कारण वगळून पाहिल्याशिवाय कळत नाही. पश्चात्तापालाही हेच व्याकरण लागते.

म्हणून आग्रह एवढाच : इंग्रजीच्या तासाला मराठी वाक्य फळ्यावर आधी लिहा, आणि मराठीच्या तासाला संकेतार्थ एका गुणातून सोडवा. तळ्याकाठच्या त्या आजोबांना जे येते ते त्यांच्या नातवालाही येते. ते त्याचे त्याला दाखवून देणे, हे आपले काम होते. ते आपण वेळेवर केले असते तर हा लेख लिहावा लागला नसता.