निकालानंतर मतदाराला शिव्या कशासाठी?



निवडणुकीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशी उपनगरी गाडीच्या डब्यात एकच सूर लागतो. आपला उमेदवार पडला, म्हणजे दोष मतदाराचा! झोपडपट्टीवाले पैशाला विकले गेले. भय्ये एकगठ्ठा पडले. मद्राशी काय, सिनेमातल्या नटालाच मत देणार. विरार असो की कल्याण, हीच भाषा. खेदाची गोष्ट अशी की हे बोलणाऱ्यांत आमच्या युनियनची पावती फाडणारेही असतात.

उपनगरात राहणाऱ्या आपल्यालाही शिक्के बसतातच. डोंबिवलीकर म्हणजे पांढरपेशा, मतदानाच्या दिवशी गावाला पळणार आणि वर्षभर कुरकुर करणार, असे आपल्याबद्दल बोलले जाते. ते ऐकून आपल्या अंगाचा तिळपापड होतो. रात्रपाळी करून सकाळी मतदानाच्या रांगेत उभे राहिलेल्या गँगमनला हे कोणी म्हणावे? मग तोच शिक्का आपण दुसऱ्याच्या कपाळावर कसा मारतो?

'मद्राशी' या शिक्क्याचीच परीक्षा करू. त्यासाठी तमिळनाडूतल्या तंजावर जिल्ह्यात जाऊ. तंजावरहून पट्टुकोट्टैकडे जाणाऱ्या रस्त्यावर ओरत्तनाडु हे गाव आहे. आजूबाजूला कावेरीच्या पाण्यावरची भातशेती आणि नारळाच्या बागा. गावात रेल्वे स्टेशन नाही. तंजावर-पट्टुकोट्टै रेल्वेमार्गाची तिथली मागणी फार जुनी आहे.

आता या विधानसभा मतदारसंघाचे निकाल पाहा. २००१, २००६ आणि २०११ या तिन्ही निवडणुकांत अण्णाद्रमुकचे आर. वैत्तिलिंगम निवडून आले. पुढे ते मंत्री झाले. २०१६ साली राज्यात जयललितांनी पुन्हा सत्ता राखली. पण ओरत्तनाडुने त्यांच्या या मंत्र्याला पाडले आणि द्रमुकचे एम. रामचंद्रन यांना निवडून दिले. २०२१ साली राज्यात द्रमुक आला. तंजावर जिल्ह्यातल्या आठपैकी सात जागा द्रमुक आघाडीने जिंकल्या. आठवी ओरत्तनाडु! तिथे वैत्तिलिंगम पुन्हा आले. २००६ सालीही राज्य एका पक्षाकडे आणि ओरत्तनाडु दुसऱ्याकडे, असेच झाले होते.

हा मतदार नटाच्या मागे मेंढरासारखा गेला काय? लाटेवर वाहून गेला काय? राज्यात ज्या पक्षाची लाट होती, त्याच पक्षाच्या मंत्र्याला त्याने घरी बसवले. त्याला पाण्याची चिंता आहे, भाताच्या भावाची आहे. १६ नोव्हेंबर २०१८ च्या गज चक्रीवादळाने या पट्ट्यातल्या नारळाच्या बागा आडव्या केल्या, ते त्याने भोगले आहे. त्याने कोणाला मत द्यावे हा वादाचा विषय होऊ शकतो. पण त्याला डोके नाही असे म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे?

याच ओरत्तनाडुत आपला मराठी इतिहासही उभा आहे. तंजावरचे सरफोजी राजे भोसले यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मुक्तांबा हिच्या नावाने इथे छत्र बांधले. रामेश्वराला जाणाऱ्या वाटसरूंना तिथे अन्न मिळे, मुलांना शिक्षण मिळे. कोणत्या प्रांताचा आणि कोणत्या जातीचा, हे विचारून कोणाला उपाशी परत पाठवले जात नसे. राजाचे गोडवे गाण्यासाठी आम्ही हे सांगत नाही. ते धान्य तमिळ कुळांच्या घामाचे होते. पण मराठी माणसे तिथे पिढ्यान् पिढ्या राहिली, आजही राहतात. उद्या तिथे कोणी त्यांना 'उपरे' म्हटले, तर आपल्याला ते खपेल काय?

हा शिक्का कामगाराला किती महाग पडतो, हे मुंबईने पाहिले आहे. १९६६ नंतर दाक्षिणात्यांविरुद्ध 'लुंगी हटाव'ची हाक उठली. लक्ष्य कारकून आणि हॉटेलवाले होते असे सांगितले गेले. पण चार वर्षांत आग गिरणगावात, कामगार चळवळीच्या दारात आली. जून १९७० मध्ये कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला. त्यानंतरच्या परळच्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई पराभूत झाल्या. प्रांताच्या नावावर फुटलेला कामगार मालकाला स्वस्तात मिळतो, हा त्याचा धडा.

उलट मे १९७४ चा रेल्वे संप आठवा. तेव्हा परळचा फिटर आणि तिरुचिरापल्लीजवळच्या पोन्मलै वर्कशॉपचा फिटर एकाच मागणीसाठी घरी बसले, एकाच कायद्याखाली तुरुंगात गेले. याच पोन्मलैत ५ सप्टेंबर १९४६ रोजी पोलिसांच्या गोळीबारात पाच रेल्वे कामगार हुतात्मे झाले होते. ते मद्राशी होते म्हणून आपले नव्हते काय?

आणि सरकारांचे काय? १ जानेवारी २००४ नंतर भरती झालेल्यांची जुनी पेन्शन गेली. एका आघाडीच्या सरकारने नवी योजना आणली, दुसऱ्या आघाडीच्या सरकारने २०१३ साली तिचा कायदा केला. त्या कायद्याने कुलकर्णी आणि मुरुगन असा भेद केला नाही. ओरत्तनाडुच्या खेड्यात टपाल वाटणारा ग्रामीण डाकसेवक आणि शहापूरच्या खेड्यातला डाकसेवक, दोघेही अजून खात्याचे कायम नोकर धरले जात नाहीत. दुखणे एक, आणि भांडण मात्र डब्यात!

निकालावर राग जरूर धरा. पण तो मतदारावर नको. निवडून आलेल्याला जाब विचारा: पेन्शनवर सभागृहात काय बोललात? रिकाम्या जागा का भरल्या नाहीत? कायम कामावर कंत्राटी माणूस का? 'एका मताने काय होते' असेही कोणी म्हणू नये. २०२४ साली मुंबई उत्तर-पश्चिम मतदारसंघाचा निकाल अवघ्या ४८ मतांनी लागला. एका डब्यात त्याहून जास्त माणसे उभी असतात!

तेव्हा उद्या डब्यात कोणी 'ते लोक असेच' म्हणाला, तर गप्प बसू नका. त्याला ओरत्तनाडुचे निकाल सांगा. आणि शेजारी उभ्या तमिळ सहकाऱ्याला पुढच्या द्वारसभेला सोबत घेऊन या.

कामगार एकजुटीचा विजय असो!